फ्रोझन रक्त म्हणजे काय रे भाऊ?

ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा. गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ', खाली एक शिळा जोक, त्याखाली पार्किंगवरून एचआरची तंबी आणि या सगळ्यांत अडकलेला तो मेसेज : 'अर्जंट! पेशंट सीरियस, अमुक ग्रुपचं रक्त हवंय, प्लीज फॉरवर्ड.' आपण फॉरवर्ड मारतो. तेवढंच पुण्य जमा! मेसेज कधीचा आहे, हे बघायच्या भानगडीत कोण पडतं? मी एकदा त्यातल्या नंबरवर फोन लावला. पलीकडचे काका वैतागून म्हणाले, "अहो, तो पेशंट मीच. दीड वर्षापूर्वी घरी आलो. अजून रोज चार फोन येतात!"

काकांची माफी मागून फोन ठेवला खरा, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. तहान लागल्यावर विहीर खणायचा हा उद्योग आपण किती दिवस करणार? वाढदिवसाला शिबिर, पुण्यतिथीला शिबिर, कॉर्पोरेट पार्कात बिस्किट आणि फ्रूटी देऊन शिबिर. ते सगळं रक्त जातं कुठे? साठवून का नाही ठेवत? हिवाळ्यात घेतलेले मटार आपली आई पुढच्या गणपतीपर्यंत फ्रीजरमध्ये टिकवते, मग रक्ताला काय धाड भरली?

तर मंडळी, धाड भरते. रक्ताला एक्स्पायरी डेट असते आणि ती दुधाच्या पिशवीइतकी नसली, तरी लोणच्याइतकीही नसते. तुम्ही दिलेल्या रक्ताचे रक्तपेढीत भाग पाडतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला साध्या (म्हणजे त्यांच्या दृष्टीनं साध्या) फ्रिजमध्ये राहतात, त्या ३५ दिवस. पिशवीत पेशींचा खाऊ असलेलं खास द्रावण घातलं तर ४२ दिवस. प्लेटलेट्सचे नखरे तर विचारूच नका. त्यांना फ्रिज चालत नाही, २० ते २४ अंशांत सतत हलवत ठेवायच्या आणि पाच दिवसांत वापरून टाकायच्या. प्लाझ्मा मात्र गुणी बाळ. उणे ३० अंशांत गोठवून ठेवला की वर्षभर आवाज नाही. त्याचं कारण सोपं आहे : प्लाझ्मा म्हणजे मुख्यतः पाणी, मीठ आणि प्रोटीन. गोठून फुटायला त्यात पेशीच नाहीत.

इथे जरा भाषेचा घोळ निस्तरू. मराठीत जखमेवरचं रक्तही गोठतं, भुताची गोष्ट ऐकून अंगातलंही गोठतं आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर तेही गोठतंच. आपण बोलतोय ते तिसरं. पहिलं गोठणं म्हणजे साकळणं, त्याचा फ्रीजरशी काही संबंध नाही. दुसऱ्याचा तर नाहीच नाही.

आता प्रयोग करायचाच असेल तर टोमॅटो घ्या. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी बाहेर काढा. काय होतं? लगदा. पाणी एकीकडे, साल दुसरीकडे. तांबड्या पेशींचं तसंच होतं, फक्त तिथे आणखी एक गंमत असते. आधी पेशीबाहेरचं पाणी गोठायला लागतं. बर्फात मीठ मावत नाही, म्हणून उरलेल्या पाण्यातलं मिठाचं प्रमाण चढत जातं. ते खारं पाणी पेशीच्या आतलं पाणी ओढून घेतं. पेशी सुरकुततात, त्यांची भिंत कमकुवत होते आणि वितळवताना फुटतात. आतलं हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. असं लालभडक पाणी पेशंटला चढवलं तर किडनी धोक्यात. हे मिठाचं कोडं १९५३ साली जेम्स लव्हलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञानं उलगडलं. नाव ऐकल्यासारखं वाटतंय? तोच तो, पृथ्वी स्वतःला एखाद्या जिवंत प्राण्यासारखं सांभाळते असं सांगणारा 'गाया'वाला. त्याच काळात त्यानं बर्फासारखे थंडगार झालेले हॅमस्टर पुन्हा ऊब देऊन जागे करण्याचेही उद्योग केले होते. १०३ वर्षं जगला, २०२२ मध्ये गेला. माणसाला छंद असावेत तर असे!

उपाय मात्र त्याच्याही आधी सापडला होता आणि तोही चुकून. लंडनच्या मिल हिल भागातल्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि अ‍ॅलन पार्क्स हे तिघं कोंबड्यांचं वीर्य गोठवायच्या खटपटीत होते. साखरेचं द्रावण घालून पाहत होते, जमत नव्हतं. एके दिवशी अचानक जमलं. बाटलीत काय आहे ते तपासलं, तर साखर नव्हतीच. लेबलांची अदलाबदल झाली होती आणि आत होतं ग्लिसरॉल. म्हणजे आपलं ग्लिसरीन! थंडीत टाचांना गुलाबपाण्यात कालवून लावतो ते. हे जाहीर झालं १९४९ मध्ये. पुढच्याच वर्षी ऑड्री स्मिथनं तेच ग्लिसरीन तांबड्या पेशींवर वापरलं आणि पेशी शाबूत राहिल्या. १९५१ मध्ये मॉलिसन आणि स्लोव्हिटर यांनी गोठवून वितळवलेल्या पेशी माणसाच्या शरीरात सोडून दाखवल्या. त्या तिथे व्यवस्थित नांदल्या.

ग्लिसरीन करतं काय? ते पेशीच्या आत शिरतं, पाण्याशी गट्टी करतं आणि त्याचा बर्फ होऊ देत नाही. मिठाची दादागिरी आटोक्यात राहते. अमेरिकी पद्धतीत ग्लिसरीनचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास ठेवतात आणि पिशवी उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये सारतात. दुसऱ्या पद्धतीत ग्लिसरीन निम्मंच, पण मग द्रवरूप नायट्रोजनची भयानक थंडी लागते. अशा गारठ्यात पेशीचं घड्याळ जवळपास थांबतं. अमेरिकेच्या नियमानं अशी पिशवी १० वर्षं चालते. अमेरिकी नौदलासाठी जन्मभर याच विषयाला वाहून घेतलेल्या रॉबर्ट व्हॅलेरी यांनी तर ३७ वर्षांपर्यंत उणे ८० वर पडून असलेल्या पेशी तपासून त्या वापरण्याजोग्या असल्याचं २००० साली लिहिलं. म्हणजे दात्याच्या डोक्यावरचे केस गेले, पोट सुटलं, तो रिटायर व्हायला आला, पण त्याचं रक्त तेवढं पंचविशीतलं!

मग अडलंय कुठे? घाला सगळं फ्रीजरमध्ये!

इथंच तर घोडं पेंड खातं. ग्लिसरीन आत घालणं सोपं, बाहेर काढणं महाकठीण. पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायची. तसंच चढवलं तर आत ग्लिसरीन भरलेली पेशी शरीरातलं पाणी भसाभसा शोषून फुगते आणि फुटते. म्हणून पेशी धुवायच्या. आधी अतिशय खारट पाण्यानं, मग कमी खारट, मग रक्ताइतक्याच खारट पाण्यानं. टप्प्याटप्प्यानं, न दमवता. अंगाला हळद लावून झाल्यावर नवरीला जसं हळूहळू न्हाऊ घालतात तसं. एका पिशवीला तासाभराहून जास्त वेळ जातो, त्यासाठी वेगळं मशीन लागतं, ते चालवणारा हुशार टेक्निशियन लागतो आणि एवढं करून काही पेशी वाहून जातातच. शिवाय धुताना पिशवी उघडावी लागली तर जंतूंची भीती, म्हणून ती पुढच्या २४ तासांत वापरलीच पाहिजे. नंतर बंद नळ्यांतून धुणारी मशीन्स आली आणि ही मुदत १४ दिवसांवर गेली. तरीही तांदळाच्या कोठारासारखं रक्ताचं कोठार भरून ठेवायचं म्हणाल, तर परवडत नाही. उणे ८० चा फ्रीजर म्हणजे विजेचं बिल आणि डोक्याला घोर. लाइट गेली, जनरेटर रुसला, की दहा वर्षांची ठेव पाण्यात.

सैन्यांना मात्र हे परवडतं, कारण त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नसतो. व्हिएतनाम युद्धात १९६६ मध्ये अमेरिकी नौदलानं दा नांगच्या हॉस्पिटलात गोठवलेलं रक्त वापरलं. डच सैन्यानं तर २००६ ते २०१० या काळात अफगाणिस्तानातल्या तारिन कोटच्या हॉस्पिटलात तांबड्या पेशी, प्लाझ्मा, इतकंच काय, प्लेटलेट्सही उणे ८० मधून काढून वापरल्या. डोंगराळ वाळवंटात रक्तदान शिबिर कुठे घेणार? तिथे फ्रोझन म्हणजे चैन नव्हती.

आणि दुसरी गिऱ्हाइकं म्हणजे दुर्मिळ गटाची माणसं. इथे गोष्ट एकदम आपल्या गल्लीत येते.

माझी एक मैत्रीण आहे. जाहिरात एजन्सीत कॉपी लिहिते, रात्री अकराला घरी जाते, सकाळी दहाला परत हजर. कॉलेजच्या आयकार्डापासून ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत सगळीकडे 'ओ पॉझिटिव्ह'. ऑफिसच्या शिबिरात पहिल्यांदाच रक्त दिलं. चार दिवसांनी रक्तपेढीतून फोन : "मॅडम, एकदा परत येऊन जाल का? तुमचं रक्त जरा वेगळं दिसतंय." तिला वाटलं, संपलं! काहीतरी भयंकर निघालं. रिपोर्टवर तीन शब्द होते : बॉम्बे ब्लड ग्रुप.

शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, पण या गटाचं राहिलं ते राहिलंच. १९५२ मध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे काही रुग्ण सापडले, ज्यांचं रक्त ए, बी, ओ कशातच बसेना. 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लेख आला. लेखकांत डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटियाही होते. भानगड अशी की, ए आणि बी या दोन्ही खुणा पेशीवरच्या एका पायावर उभ्या असतात. त्या पायाला म्हणतात 'एच'. ओ गटाच्या माणसाकडे ए नसतो, बी नसतो, पण एच भरपूर असतो. बॉम्बे गटवाल्याकडे एचच नाही. पायाच नाही, तर मजले कसले?

परिणाम काय? साध्या झटपट टेस्टमध्ये ए नाही, बी नाही असं दिसतं आणि कागदावर 'ओ' पडतं. पण त्याच्या रक्तात एचविरुद्धची प्रतिपिंडं तयार बसलेली असतात. आपण ज्याला सगळ्यांना चालणारं म्हणतो, ते ओ गटाचं रक्त या माणसाला दिलं तर ती प्रतिपिंडं त्यावर तुटून पडतात. जीव जाऊ शकतो. रक्त देण्याआधी पेशंटच्या आणि दात्याच्या रक्ताची जुळवणी करतात, ती नीट केली तर हे लक्षात येतं. घाईगर्दीत ती उरकली तर मात्र खैर नाही.

भारतात साधारण १० हजारांत एक माणूस या गटाचा, युरोपात १० लाखांत एक. गणित मांडा. २०११ च्या जनगणनेत मुंबईत १ कोटी २४ लाख लोक होते. त्या हिशेबानं या एका शहरात हजाराच्या वर बॉम्बेवाले निघायला हवेत. लोकलमध्ये तुमच्या खांद्यावर डुलक्या घेणारा त्यातलाच एक असेल. त्याला स्वतःलाच ते माहीत असेलच असं नाही, कारण खिशातल्या कार्डावर 'ओ' छापलंय.

मैत्रिणीच्या बाबतीत हे सगळं नुसतं जनरल नॉलेज राहिलं असतं. पण दहा-दहा तास खुर्चीत बसून तिच्या मणक्यानं कधीचा संप पुकारला होता आणि डॉक्टरांनी मोठं ऑपरेशन सांगितलं. दोन बाटल्या रक्त हाताशी पाहिजे म्हणाले. त्या रात्री तिचा फोन. रडत नव्हती, चिडली होती. "एवढी आयव्हीएफवाली लोकं एग्ज फ्रीझ करतात, मग मला माझं रक्त फ्रीझ करून ठेवता येत नाही का? भरते ना मी पैसे!"

प्रश्न चोख होता. जगात हे होतं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये युरोपभरच्या दुर्मिळ रक्तासाठी गोठवलेली पेढी आहे, पॅरिसजवळ क्रेतेय इथे फ्रान्सची आहे, ब्रिटनची लिव्हरपूलमध्ये आहे. जगात पन्नासहून कमी माणसं ज्या गटाची सापडली आहेत, त्या आरएच-नल वाल्यांनाही जमेल तेव्हा रक्त देऊन ते गोठवून ठेवायचा सल्ला देतात. आपल्याकडच्या नेहमीच्या रक्तपेढीत मात्र २ ते ६ अंशांचा फ्रिजच भेटतो आणि दुर्मिळ रक्ताची सगळी भिस्त दात्यांच्या यादीवर. परळलाच केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे (उच्चार करताना जीभ अडखळली तर एनआयआयएच म्हणा). तिनं देशभरातल्या दुर्मिळ दात्यांची नोंदवही तयार केली आहे. बॉम्बे गटासाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही आहेत. गरज पडली की फोन फिरतात आणि पिशवीऐवजी माणूस प्रवास करतो. २०२४ मध्ये महाराष्ट्रातला एक दाता चारेकशे किलोमीटर गाडीनं इंदूरला गेला, एका अनोळखी बाईसाठी. सलाम! पण त्या दिवशी तो आजारी असता तर? नुकतंच रक्त दिलेलं असतं तर? अशा वेळी उणे ८० मधली एक पिशवी काय किमतीची असते, ते वेगळं सांगायला नको.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र वेगळंच निघालं आणि ते रक्तपेढीतल्या डॉक्टरबाईंनी एका मिनिटात दिलं. "तुमच्या ऑपरेशनची तारीख तुम्हाला माहीत आहे ना? मग गोठवायचं कशाला?" पाच आठवडे आधी एक पिशवी द्यायची, मध्ये लोहाच्या गोळ्या खायच्या, हिमोग्लोबिन ११ च्या वर असेल तर आणखी एक पिशवी द्यायची आणि शेवटची पिशवी ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी. सगळी साध्या फ्रिजमध्ये. स्वतःचंच रक्त स्वतःला, ३५ दिवसांच्या आत. हे जुनं तंत्र आहे, पूर्ण कायदेशीर आहे आणि नव्या फ्रीजरचा रुपयाही लागत नाही.

हे ऐकून ती खट्टू झाली, ही खरी गंमत! तिला अ‍ॅमस्टरडॅम हवं होतं, मिळालं लोहाच्या गोळ्यांचं पाकीट.

पण तिची भीती खोटी नव्हती. ऑपरेशनला तारीख असते, अपघाताला नसते. हायवेवर ट्रकनं उडवलं तर पाच आठवड्यांची नोटीस कोण देणार? अचानक आलेल्या प्रसंगात गोठवलेली पिशवीसुद्धा जादूची कांडी नाहीच. ती वितळवून, धुऊन, गाडीनं आणेपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. तरीही यादीतल्या दात्यांना एकेक करून उठवण्यापेक्षा ते बरं. आणि काहींसाठी तर तोच एक रस्ता. २०२५ मध्ये कर्नाटकातल्या एका बाईच्या रक्तात आजवर कुणातही न सापडलेली खूण जाहीर झाली. बंगळुरू आणि ब्रिस्टलच्या तज्ज्ञांनी मिळून ती शोधली आणि तिला नाव दिलं 'क्रिब'. घरातल्या कुणाचंही रक्त तिला जुळलं नाही. तिचं हृदयाचं ऑपरेशन रक्त न चढवता करावं लागलं. अशा माणसाला दात्यांची यादी देऊन काय उपयोग? यादीत एकच नाव, तेही स्वतःचं.

म्हणून आपल्याकडे प्रत्येक रक्तपेढीत उणे ८० चा फ्रीजर हवा, असं मी म्हणणार नाही. ते पैसे सगळीकडे रक्ताची जुळवणी नीट व्हावी यासाठी खर्च केले तर जास्त जीव वाचतील. पण ज्या शहराच्या नावानं जगभर हा गट ओळखला जातो, तिथे निदान एका फ्रीजरचा एक कप्पा या लोकांसाठी नेहमी भरलेला असावा, एवढं मागणं जास्त आहे का? बॉम्बेवाले एरवी ए, बी, ओ अशा कुणालाही रक्त देऊ शकतात आणि आपण 'ओ' आहोत असं समजून आजवर कितीतरी जणांनी ते दिलंही असेल. ते साध्या पिशवीसारखं कुणालातरी चढलं आणि संपलं. यादीत नाव आलेल्यांनी तरी उगाच प्रत्येक शिबिरात हात पुढे करू नये, बोलावलं की यावं, असं रक्तपेढीवाले सांगतात, ते यासाठीच.

डॉक्टरबाईंनी तिला आणखी एक काम लावलं. हा गट आई आणि बाबा या दोघांकडून एकेक लपलेलं जनुक आल्याशिवाय होत नाही. म्हणून सख्ख्या भावंडांत तो निघायची शक्यता चारात एक. दहा हजारांत एक शोधण्यापेक्षा हे केव्हाही सोपं. धाकट्या भावाला नाशिकहून बोलावलं, तो 'बी' निघाला. थोरली बहीण पुण्यात असते, तिच्या मॅरेज सर्टिफिकेटपासून मेडिक्लेमच्या फॉर्मपर्यंत सगळीकडे 'ओ पॉझिटिव्ह' लिहिलंय. तिची टेस्ट येत्या शनिवारी आहे.